लोकरीचा हातकार्डर, 72 दाती जोडी: सात महिन्यांच्या वापरानंतर

हातकार्डर म्हणजे लोकर पिंजायच्या, मूठ असलेल्या दोन लाकडी ब्रशांची जोडी; दात म्हणजे कापडात रोवलेल्या बारीक वाकड्या तारा, आणि 72 दाती म्हणजे चौरस इंचात 72 दात. सातव्या महिन्यात उजव्या हाताच्या कार्डरचं दातांचं कापड मुठीकडच्या कडेने सुटलं. लाकूड शाबूत, मूठ शाबूत, दात जवळपास सगळे जागेवर. फक्त कापड बोटभर वर आलं आणि पेळू (पिंजलेल्या लोकरीची कातायची वळी) सोडवताना लोकर त्या फटीत अडकायला लागली. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "दातांचं कापड झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही." नुसतं कापड विकत द्या म्हटलं, तर ते सुटं मिळत नाही, नवी जोडी घ्या. जोडी 3,200 रुपयांची आणि बिघाड चार पिनांचा. याचा राग अजून गेलेला नाही.

कापड झिजलेलं नव्हतं, सुटलं होतं. ते लाकडाला डिंकाने चिकटवतात आणि वरून पिना ठोकतात. या जोडीला पिना आहेत मुठीसमोरच्या कडेला आणि दोन्ही आखूड बाजूंना. मुठीच्या बाजूला नुसता डिंक. आता कार्डर ओढताना काय होतं ते बघा. दात मुठीकडे वाकलेले असतात, आपण मूठ ओढतो आणि लोकर कापडाला उलट्या दिशेने खेचून धरते. सगळा ताण मुठीकडच्या कडेवर येतो, आणि नेमकी तीच कड मोकळी सोडलेली. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, 44-45 अंश, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेली जोडी. डिंक मऊ पडणारच. घेताना बाकी काही बघू नका, कार्डर उलटसुलट करून मुठीकडच्या कडेच्या पिना मोजा. नसतील तर किंमत पाडून मागा.

दुरुस्ती घरी होते. कापड पूर्ण उचकटू नका. फटीतला जुना डिंक खरवडून काढा, चपलांना लावतात ते रबर सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबा. मग चप्पल दुरुस्त करणाऱ्यांकडून बारीक चुका (छोटे खिळे) आणून कडेला दर पाऊण इंचावर एक मारा. चूक दातांच्या पहिल्या ओळीच्या बाहेर बसली पाहिजे. दातावर पडली तर तो दात गेला. लाकडाच्या जाडीपेक्षा लांब चूक घेऊ नका. खर्च 40 रुपये.

आता कार्डरच्या बाजूने. तिसऱ्या महिन्यापर्यंत मी याला पाचपैकी दोन दिले असते. कारण लोकर दातांत चिकटायची, दोन हातांनी ओढावी लागायची, खाली पांढरी पावडर पडायची आणि पेळूत बारीक गाठी यायच्या. दोष दातांचा वाटला. दोष धुण्याचा निघाला. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, आणि लोकर धुतली होती कपड्याच्या वडीने. साबण आणि जड पाण्यातले क्षार मिळून जो चिकट साका तयार होतो तो तंतूंवर बसतो, पुन्हा कितीही खळबळलं तरी निघत नाही. वाळल्यावर तीच पावडर. तेच कार्डर नीट धुतलेल्या लोकरीवर एका हाताने चालले. त्यामुळे दोनाचे चार करते. पाचवा मुठीकडच्या पिनांचा.

धुण्यात सगळ्यात मोठी फसगत होते ती परदेशी व्हिडिओंमुळे. त्यातले बरेच अल्पाकाचे असतात. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगराळ भागातला हा प्राणी, त्याच्या लोकरीत मेण जवळपास नसतंच. तो धुळीत लोळतो, म्हणून घाण असते ती कोरड्या धुळीची आणि काडीकचऱ्याची. जाळीवर पसरून झटकली, पोट-पायाकडचे राठ केस वेगळे केले की ती न धुताही पिंजता येते, कातून झाल्यावर धुतली तरी चालते. तिथे ते बरोबर आहे. आपल्या काळ्या दख्खनी मेंढीला ते लागू नाही. मेण हिच्याही लोकरीत थोडंच, पण घामाचे क्षार, लेंड्या आणि काळी माती भरपूर.

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांकडून कातरणीची लोकर घेतली की आधी कोरडी निवडायची. शेपटीकडची आणि पोटाखालची सरळ बाजूला, ती खत म्हणून झाडाला घाला. कातरी दोनदा फिरल्याने पडलेले अर्ध्या इंचाचे तुकडे झटकून काढायचे, नाहीतर पुढे प्रत्येकाची एक गाठ होते. मग अर्धा किलो लोकर कांद्याच्या जाळीच्या गोणीत सैल भरून रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी होतं. घामाचे क्षार पाण्यात विरघळतात आणि मातीही सुटते. हे पाणी फेकू नका, गाळून दुसऱ्या गोणीला वापरा, त्या क्षारांमुळे ते स्वतःच थोडं साबणासारखं काम करतं. नंतर 60 अंशांच्या पाण्यात रिठा: 50 ग्रॅम रिठ्याची सालं पाच लिटरात उकळून गाळलेली. रिठ्याचा जड पाण्याशी साका होत नाही. भांड्यांचं लिक्विडही चालतं, दोन मोठे चमचे. गोणी 20 मिनिटं बुडवून ठेवायची, दाबायची, पण चोळायची नाही आणि पिळायची नाही. चोळलेल्या लोकरीचा नमदा होतो. पाणी कोमट होण्याआधी गोणी बाहेर, नाहीतर सुटलेलं मेण पुन्हा तंतूंवर बसतं. पुढचं खळबळण्याचं पाणी तितकंच गरम घ्या; गरमातून एकदम गारात टाकली तरी आटते. शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर.

खाटेवर जाळी टाकून सावलीत वाळवा. किलोभर कच्च्या लोकरीची माझ्या काट्यावर 600 ग्रॅमच्या आसपास उरते.

उन्हाळ्यात वाळलेली लोकर लगेच कार्डरवर घेऊ नका. कोरड्या हवेत तंतू एकमेकांपासून उडतात आणि हाताला चिकटतात. पाण्यात थोडं खोबरेल आणि लिक्विडचे दोन थेंब हलवून फवारा, झाकून रात्रभर ठेवा.

कुसळं आणि गोखरू मात्र बोटांनीच काढायचे. एक गोखरू दातांत गेला की आजूबाजूचे पाच-सहा दात वाकतात. वाकलेला दात बॉलपेनच्या रिकाम्या नळीने हळू सरळ करता येतो, पण दुसऱ्यांदा वाकला की तुटतो.

पिंजताना एका वेळी पाच ग्रॅमच. डाव्या कार्डरवर लोकरीची टोकं दातांत अडकवत पातळ थर पसरवा, खालचे दात दिसत राहिले पाहिजेत. उजवा कार्डर कडेपासून सुरू करून दर फेरीला थोडा आत न्या. दाताला दात लागल्याचा खर्र आवाज आला तर जोर जास्त होतोय. लोकर लोकरीवरून गेली पाहिजे. चार-पाच फेऱ्या, एकदा पालटी (लोकर एका कार्डरवरून दुसऱ्यावर घेणं), पुन्हा तीन. जास्त पिंजलं तर तंतू तुटतात. मग थर उचलून कार्डरच्या पाठीवर वळला की पेळू तयार. सवय झाल्यावर 100 ग्रॅमचे 20 पेळू सव्वा तासात होतात.

कापसाचे कार्डर घरात आहेत म्हणून तेच लोकरीला वापरू नका. त्यांचे दात फार दाट आणि नाजूक असतात, राठ लोकर त्यातून फिरतच नाही. उलट अल्पाका मिळालीच तर 72 दात तिला विरळ पडतात, 112 चे घ्या, आणि तंतू निसरडा असल्याने पीळ जास्त द्या. महिन्याला 200 ग्रॅमच कातणार असाल तर 3,200 घालवूच नका. कुत्र्याचे केस विंचरायचा तारेचा ब्रश, 200 रुपयांचे दोन, वर्षभर पुरतात.

चुका मारून पाच आठवडे झाले, साडेतीन किलो लोकर त्यावरून गेली आणि कापड हललेलं नाही. डाव्या कार्डरला सुटण्याआधीच मारून घेतल्या.