बॅटरी बदलल्यावर फोन बिघडला: त्याच दुकानात की सर्व्हिस सेंटरला?

नवी बॅटरी टाकून फोन घरी आणला आणि टच अडकायला लागला, की आधी राग येतो. ‘आता त्या दुकानाची पायरी चढायची नाही’ असं वाटणं साहजिक आहे, पण कुठे जायचं ते लक्षण बघून ठरवा.

उघडझाप करताना झालेला बिघाड असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी त्याच दुकानात. स्पीकरचा आवाज गेला, फिंगरप्रिंट चालेना, फास्ट चार्जिंग बंद झालं, अशा वेळी बहुधा आतले भाग जोडणारी एखादी पातळ पट्टी (फ्लेक्स केबल) नीट बसलेली नसते किंवा मागचं कव्हर काढताना ताणली गेलेली असते. काय काय उघडलं होतं हे त्याच कारागिराला ठाऊक असतं, आणि नुसता कनेक्टर पुन्हा बसवायचा तर काम काही मिनिटांचं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये अशी एक पट्टी दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण भागच बदलण्याकडे कल असतो, आणि बिल त्याप्रमाणे येतं.

आयफोन दर तीन मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल, तर दुकानात जाण्याआधी एक गोष्ट जरूर बघा. एखाद्या सेन्सरकडून माहिती येईनाशी झाली, की सुमारे १८० सेकंद वाट पाहून फोन स्वतःच रीस्टार्ट होतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून अ‍ॅनालिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स, मग अ‍ॅनालिटिक्स डेटा उघडा. ‘पॅनिक-फुल’ नावाच्या फाइलमध्ये ‘मिसिंग सेन्सर’पुढे टीजी०बी दिसलं तर संशय बॅटरीच्या जोडणीवर, मिक१ किंवा पीआरएस० दिसलं तर चार्जिंगच्या पट्टीवर. स्क्रीनशॉट काढून कारागिराला दाखवा. ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे, फॉरमॅट मारू’ हे उत्तर अशा वेळी अजिबात मान्य करू नका, तुमचे फोटो विनाकारण जातील.

दोष बॅटरीचाच असेल तर गणित उलटं. तीस टक्के दाखवत फोन धप्पकन बंद पडतो, नुसता पडून असतानाही गरम होतो, आणि दुकानदार तसाच दुसरा लोकल माल टाकून देतो म्हणतो: इथे जास्त पैसे मोजून सर्व्हिस सेंटरच गाठावं. फोन उघडल्यावर तिथे नवा गोंदही लावतात, गल्लीतल्या दुकानात तो पुष्कळदा लावतच नाहीत आणि पाण्यापासूनचं संरक्षण जातं. जाण्याआधी बॅकअप घ्या, कारण तिथे डेटाची हमी कुणी देत नाही. बाहेरची बॅटरी बघून काही सेंटर काम नाकारतात, म्हणून आधी फोन करून विचारा. दुकानातूनच घ्यायची असेल तर बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या.

स्क्रीन किंवा मागचं कव्हर उचललं जातंय, म्हणजे बॅटरी फुगली, असं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा, फोन बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. तो त्याच दिवशी कुशल माणसाकडे गेला पाहिजे, मग दुकान कुठलंही असो.

आयफोन एक्सएस, एक्सआर आणि त्यापुढच्या मॉडेलांवर येणारा ‘अननोन पार्ट’ हा संदेश मात्र बिघाड नव्हे. कंपनीचीच बॅटरी असली तरी फोनच्या सॉफ्टवेअरशी तिची ओळख (पेअरिंग) करून दिलेली नसेल तर तो येतो.

दुकानदार हात वर करत असेल, तर बिल आणि वॉरंटीचा कागद घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतली त्रुटी छोट्या दुकानालाही लागू होते.