आठ महिने, दोन आयईएम आणि तानपुऱ्यातला गंधार

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कोपरखैरण्याहून ठाण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, रबाळे स्थानक मागे पडता पडता माझ्या डाव्या कानातल्या आयईएममधला, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनमधला, तानपुरा विरत गेला. तो एकदम बंद पडला नाही. उजव्या बाजूला तारा नेहमीसारख्या छेडल्या जात असताना डावी बाजू जणू शेजारच्या खोलीत जाऊन बसली. ऐरोली येईपर्यंत केबल काढून पुन्हा लावली आणि तिच्या दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहिल्या. केबलचा दोष असता, तर कमी आवाज दुसऱ्या कानाकडे सरकला असता. तो डावीकडेच राहिला, म्हणजे दोष त्या नगातच होता. फेब्रुवारीत ५,८०० रुपये मोजून घेतलेली जोडी पाचव्या महिन्यात अशी व्हावी, याचा मला मनापासून त्रास झाला. त्यानंतरच्या तीन महिन्यांत जे कळले, त्यामुळे माझी आधीची बरीच मते मला मागे घ्यावी लागली आहेत. या जोडीचे आणि दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण एका नगावरून आणि एका खिडकीवरच्या वागणुकीवरून कोणाला बदनाम करणे मला योग्य वाटत नाही. एक डायनॅमिक आणि दोन बॅलन्स्ड आर्मेचर असे दोन प्रकारचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे बारीक भाग, असलेली ती हायब्रिड जोडी आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

माझा वापर कसा आहे, हे आधी सांगायला हवे, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावरच आधारलेला आहे. मी सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. भिंती पातळ असल्यामुळे पहाटे पाचला तानपुरा मोठ्याने लावणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे ठरते. म्हणून गेली काही वर्षे मी फोनमधला तानपुरा आयईएमवर ऐकत, एका कानातली जोडी किंचित सैल ठेवून, दबक्या आवाजात रियाज करतो. जाता-येता गाडीत तासभर ख्याल आणि तबल्याचे एकल वादन ऐकतो. हिंदी गाणी, चित्रपट किंवा गेम यांसाठी मी या जोड्या वापरलेल्या नाहीत, त्यामुळे त्याविषयी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

हायब्रिड जोडीने पहिले चार महिने मला अक्षरशः भारून टाकले होते. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ इतका कोरीव येत असे की बोट किनारीवर नेमके कुठे पडले, ते डोळ्यांसमोर दिसावे. तानपुऱ्याच्या तारेवरून बोट सुटतानाचा बारीक खरखरीत स्पर्शही ऐकू येई. याच तपशिलाला मी त्या काळात उत्तम ध्वनी समजत होतो आणि दोन मित्रांना तीच जोडी घ्यायला सांगून मोकळाही झालो होतो.

मग ती बिघडली. ठाण्यात ज्या दुकानातून ती घेतली होती, तिथे मी त्याच संध्याकाळी बिल घेऊन गेलो. खिडकीवरच्या मुलाने जोडी हातात घेऊन एकदा उजेडाकडे धरली आणि ‘काका, पाणी गेलंय, ड्रायव्हर जळलाय, वॉरंटीत बसणार नाही’ असे सांगून टाकले. एका बाजूच्या बदलीचे २,४०० रुपये आणि तपासणीचे ३५० रुपये वेगळे, असा हिशेब त्याने मांडला. मी त्या जोडीला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. पावसात ती नेहमी डबीत, डबी पिशवीत आणि पिशवी छत्रीखाली असे. तपासणीचे ३५० रुपये मी भरले, कारण लेखी अहवाल मिळेल असे त्याने सांगितले होते. अकरा दिवसांनी जोडी परत मिळाली. सोबतच्या कागदावर ‘द्रवामुळे बिघाड’ एवढे दोनच शब्द होते, आणि जोडी कोणी उघडल्याचे कसलेही चिन्ह दिसत नव्हते.

रियाज थांबवणे शक्य नव्हते, म्हणून तात्पुरती सोय करण्यासाठी सेव्हन एचझेड या कंपनीची सालनोट्स झीरो टू ही जोडी मागवली. एकच डायनॅमिक ड्रायव्हर असलेली आणि क्रिनॅकल या समीक्षकाच्या सहभागाने ट्यून केलेली ही जोडी मला दोन हजारांच्या आत पडली. एवढ्या स्वस्तात फार काही मिळणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती आणि पहिल्या दिवशी ती खरीही वाटली. चाट बोथट लागली, तारेवरचा बोटाचा स्पर्श नाहीसा झाला आणि सगळ्यावर पातळ पडदा टाकल्यासारखे वाटले. चौथ्या पहाटे मात्र षड्ज लावून बसलो असता, तानपुऱ्यातून गंधार स्वच्छ ऐकू आला.

या गंधाराविषयी थोडे विस्ताराने लिहितो. माझा स्वर काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, आहे. तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर आणि जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास असतात. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर, ३४६ हर्ट्झच्या जवळ येतो, आणि तोच तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार. तो कोणी छेडत नाही. तार नीट मिळालेली असेल आणि जवारी खुली असेल, तर तो आपोआप उमटतो. पेटीवरचा गंधार समविभागी सप्तकामुळे ३४९ हर्ट्झवर असतो, म्हणून दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीच-तीन हेलकावे ऐकू येतात. आमचे गुरुजी ‘पेटीवर गळा ठेवू नकोस, तानपुऱ्यात ठेव’ असे जे वारंवार सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

हा नाद ज्यातून जन्मतो, ती जवारीची रचनाही विलक्षण आहे. तार घोडीवर एका बिंदूला न टेकता किंचित वक्र पृष्ठावर अल्पसे लोळते, आणि खाली सरकवलेले सूत तिचा स्पर्श नेमका करते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तानपुरा यांवर लिहिताना नोंदवले होते की, नेहमीच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर तारेत उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे तानपुऱ्याचा नाद खर्जापासून कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो, आणि त्यात कोणताही एक पट्टा वर आला तर बाकीचे उपस्वर त्याखाली दबतात. एखाद्या आयईएमच्या ध्वनीचा समतोल तपासायला याहून कठोर कसोटी मला तरी माहीत नाही.

हायब्रिड जोडीत वरचा पट्टा, माझ्या कानाच्या अंदाजाने सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास, उंचावलेला होता. जवारीची झिणझिण तिथेच चमकत असे आणि तिलाच मी तपशील समजत होतो. आता लक्षात आले की त्या झगमगाटात गंधार हरवला होता. त्या जोडीवर मी चार महिने रियाज केला आणि मला गंधार एकदाही आपणहून भेटला नाही, हे आठवले की आजही वाईट वाटते.

अर्थात, एवढ्यावरून निकाल देणे चुकीचे ठरले असते. दोन जोड्यांची संवेदनशीलता वेगळी असेल, तर फोनला लावलेल्या एकाच डोंगलवर (केबल जोडायच्या छोट्या उपकरणावर) एक मोठ्याने वाजते आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही मत फिरवायला पुरतो. म्हणून १,००० हर्ट्झचा सलग स्वर लावून दोन्हींचा आवाज कानाने शक्य तितका सारखा केला, त्या पायऱ्या कागदावर लिहून ठेवल्या आणि मगच तुलना केली. शिवाय हायब्रिडची डावी बाजू मंद असल्यामुळे सुरुवातीला केवळ उजव्या कानाने ऐकून तुलना करावी लागली. आयईएमच्या ध्वनीच्या मोजणीतून काढलेल्या आलेखांवरही मी काही काळ विसंबून पाहिले. परंतु मोजणीच्या प्रमाणित कपलरमध्ये, म्हणजे कृत्रिम कानात, आठ हजार हर्ट्झच्या आसपास जो अनुनाद दिसतो, तो जोडी किती खोल बसते त्यानुसार सरकतो आणि प्रत्येकाच्या कानात वेगळा पडतो. त्यामुळे जिथे माझी तक्रार होती, नेमक्या तिथेच आलेख मला फारसे काही सांगू शकत नव्हता.

ऑगस्टमध्ये मला माझे मत पहिल्यांदा बदलावे लागले. कपाटातल्या एका बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या सापडल्या. त्याआधी भिंग आणि टॉर्च घेऊन हायब्रिडच्या डाव्या नळीचे टोक पाहिले, तर जाळीच्या छिद्रांवर पाण्याचा काचेसारखा पातळ पापुद्रा ताणलेला दिसला. उजव्या जाळीची छिद्रे कोरडी आणि काळी होती, डावीची चकाकत होती. हे पावसाचे पाणी नव्हते. कानातला घाम आणि दमट हवा थंड धातूच्या नळीत साचून जाळीवर अडकली होती, आणि ठाण्या-नवी मुंबईच्या जुलैत ते साहजिकच आहे. टिप, म्हणजे नळीवरची मऊ टोपी, काढून ती बाजू स्टीलच्या डबीत तीन पुड्यांसोबत दोन रात्री ठेवली. तिसऱ्या पहाटे दोन्ही बाजू सारख्या वाजल्या. ड्रायव्हर जळला नव्हता आणि त्याला काहीही झाले नव्हते. ज्या बिघाडासाठी माझ्याकडे २,४०० रुपये मागितले गेले, तो फुकट मिळालेल्या पुड्यांनी बरा झाला. हे मला केवळ पैशांसाठी लागलेले नाही. टॉर्च मारून जाळी बघण्याची तसदीदेखील तिथे कोणी घेतली नाही, याचा राग अधिक आहे.

दुसरा बदल टिप्सच्या बाबतीत झाला, आणि खरे तर तोच अधिक महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजू चालू झाल्यावर मी नीट तुलना करायला बसलो, तेव्हा हायब्रिडवर डग्ग्याचा घुमारा डावीकडे कमी आणि उजवीकडे भरीव येतो, असे जाणवले. डाव्या टिपेवर बोट हलके दाबले की घुमारा परतत होता. माझ्या डाव्या कानाची नळी उजवीपेक्षा रुंद आहे आणि मधल्या मापाची टिप तिथे कधीच पूर्ण बसली नव्हती. टिपेच्या कडेने हवा निसटली की पहिल्यांदा खर्जच जातो. मग वरचा भाग आहे त्याहून तिखट वाटतो. डावीकडे मोठ्या मापाची आणि उजवीकडे मधल्या मापाची टिप लावून, नळी थोडी अधिक खोल बसवल्यावर जवारीची धार बरीच निवळली आणि गंधारही अंधुकसा दिसू लागला. म्हणजे वर मी हायब्रिडला जो दोष दिला, त्यातला साधारण अर्धा दोष माझ्या कानाचा आणि माझ्या निष्काळजीपणाचा होता. ज्या दोन मित्रांना ती सुचवली होती, त्यांना मी हे फोन करून सांगितले.

टिप नीट बसल्याचा गाडीतही मोठा फायदा झाला. चाकांची घरघर बाहेर राहते, त्यामुळे पूर्वीपेक्षा आवाज चार पायऱ्या खाली ठेवूनही विलंबित ख्यालातली मींड शेवटपर्यंत ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी सुरक्षित मर्यादा सुचवली आहे. गायला शिकणाऱ्याने तरी ती गंभीरपणे घ्यायला हवी.

सप्टेंबरात एका रविवारी नौपाड्याला शिकवणीला गेलो असता, किंमत न सांगता दोन्ही जोड्या गुरुजींच्या कानात दिल्या. हायब्रिड ऐकून ते म्हणाले, “याच्यातला षड्ज चढा वाटतो रे.” फोनमधला तानपुरा तोच होता, पट्टी तीच होती आणि स्वर अणुमात्र चढलेला नव्हता; वरचे उपस्वर उजळल्याने तो चढा भासत होता. झीरो टू लावल्यावर त्यांनी काहीच मत दिले नाही. डोळे मिटले आणि यमनचा ‘नि रे ग’ घेऊन गंधारावर थांबले. तबल्यासाठी मात्र त्यांनी हायब्रिडच पसंत केली, आणि तिथे मीही त्यांच्याशी सहमत आहे, कारण शाईच्या कडेजवळचा ‘तीं’ आणि किनारीवरचा ‘ना’ यांतला फरक ती अधिक नेमका दाखवते.

सध्या पहाटे झीरो टू आणि गाडीत हायब्रिड, असे चालले आहे. झीरो टूचा डग्गा कधीकधी गरजेपेक्षा थोडा जड वाटतो, पण खालचा पंचम त्यात बुडत नाही. दोन्ही जोड्या रात्री टिप्स काढून, पुड्यांसह त्याच स्टीलच्या डबीत जातात. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला असला तरी हा नेम मी मोडलेला नाही. हायब्रिडची वॉरंटी फेब्रुवारीपर्यंत आहे. चुकीच्या निदानासाठी घेतलेले ३५० रुपये परत मिळावेत, म्हणून मी भिंगातून काढलेले जाळीचे फोटो जोडून लेखी तक्रार दिली आहे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्या खिडकीवर जाऊन विचारणा करणार आहे.