सॉनासाठी थर्मोवूड: जांबोटी रोडवरच्या कामानंतरचं माझं मत

थर्मोवूड, म्हणजे भट्टीत तापवून तयार केलेलं लाकूड, सॉनासाठी घ्यावं का, असं बेळगाव-खानापूर भागातले फार्महाऊसवाले हल्ली विचारायला लागलेत. सॉना म्हणजे गरम हवेत बसून घाम काढायची खोली; तिच्या आतल्या भिंतीला आणि बसायच्या बाकाला बेलाशक घ्या, असं मी सांगतो. बाकाखालच्या चौकटीला, छताच्या वाश्यांना किंवा जमिनीला टेकेल अशा ठिकाणी मात्र ते लावू नका. एवढं पाळलंत तर पैसे वसूल होतात.

मी सुतारकामातला माणूस. आप्पांची खानापूरला जुनी वखार आणि कामाची शेड, माझं वर्कशॉप बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. टिळकवाडीतल्या एका डॉक्टरांनी जांबोटी रोडच्या फार्महाऊसवर घराला लागून चौघांपुरती लाकडी सॉना-खोली करून घेतली, ते काम आमच्याकडे होतं. तिनं एक अख्खा पावसाळा काढला, आणि मगच मी हे लिहितोय. कणकुंबीकडून येणारा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला कळेल, की त्या पट्ट्यात लाकडाची परीक्षा जून ते सप्टेंबर होते. बाकीचे महिने कुठलंही लाकूड चांगलंच दिसतं.

हे लाकूड रासायनिक औषधात बुडवलेलं नसतं. बंद भट्टीत वाफ सोडून ते तापवतात. वाफेमुळे आत हवा फारशी राहत नाही, म्हणून एवढ्या उष्णतेतही लाकूड पेट घेत नाही. आधी ओल जवळजवळ पूर्ण काढतात, मग १८५ ते २१५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन-तीन तास ठेवतात, आणि थंड करताना पुन्हा थोडी ओल देऊन ती ४ ते ७ टक्क्यांवर आणतात. फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात ही पद्धत पक्की केली. लाकडात पाणी धरून ठेवणारा जो घटक असतो तो या उष्णतेत मोडतो, त्यामुळे लाकूड पुढं हवेतली ओल कमी ओढतं आणि फुगणं-आकसणं साधारण निम्म्यावर येतं. पाईनमधली राळही निघून जाते. सॉनासाठी हे फार महत्त्वाचं, कारण आतली हवा ८०-९० अंशांवर गेली की कच्च्या पाईनच्या गाठीतून राळ पाझरते आणि ती उघड्या पाठीला लागली तर चटका बसतो.

आप्पांनी पहिली फळी हातात घेतली आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघितली. म्हणाले, "हलकं झालंय रे हे. ह्याच्यात जीव राहिला न्हाई." त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. त्यांच्या तरुणपणी कुंपणाचा खुंट पुरायच्या आधी त्याचं जमिनीत जाणारं टोक जाळावर भाजून घ्यायचे. पण ते वरवरचं भाजणं, आतलं लाकूड होतं तसंच राहायचं. इथं फळी आरपार बदललेली असते. खरं-खोटं ओळखायची खूणही हीच. टोक कापून बघा, आतपर्यंत एकसारखा तपकिरी रंग दिसला पाहिजे. कडेला गडद आणि मध्ये पांढरट असेल तर नुसता रंग मारलाय असं समजा.

त्यांचं समाधान व्हावं म्हणून कच्च्या पाईनचा आणि थर्मो पाईनचा एकेक तुकडा न्हाणीघरातल्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवला. दोन्ही एकाच मापाचे, आदल्या दिवशी व्हर्निअर (जबड्यात धरून माप घ्यायचं साधन) लावून त्या मापावर घट्ट करून ठेवला होता. उद्यमबागेत व्हर्निअर काय, कुणाच्याही खिशात सापडतो. सकाळी कच्चा तुकडा त्या जबड्यात शिरेना. थर्मोचा घासत का होईना, गेला. आप्पांनी तो स्वतः दोनदा सरकवून बघितला आणि काही न बोलता खिडकीत वाळत ठेवला.

आता हाताळणीचं सांगतो, कारण आपल्याकडचे कारागीर इथंच अडकतात. सागाला रंधा मारला की लांब गुंडाळी निघते. या लाकडाची गुंडाळी होत नाही, बारीक कपच्या उडतात. चिवटपणा जातो, ठिसूळपणा येतो. फळ्यांना एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ असते. जिभेवर थेट हातोडी पडली की ती कट्‌दिशी तुटते, वाकत वगैरे नाही. मध्ये फळीचाच एक तुकडा धरून त्यावर हलकं ठोकायचं. स्क्रूसाठी आधी भोक पाडायचंच, विशेषतः टोकाजवळ, नाहीतर चीर सरळ लाकडाच्या रेषेनं धावते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. हे लाकूड किंचित आम्लधर्मी असतं, त्यात साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग उमटतात आणि ओलीत स्क्रूही खातो. कटर धारदार, कार्बाइडच्या दातांचा ठेवा. भुसा फार बारीक आणि कोरडा येतो, नाकाला फडकं पुरत नाही, चांगला मास्क लावायला सांगा. आमच्या थोरल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मास्क नको म्हटलं, दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला.

वासाबद्दल लोक आवर्जून विचारतात. बंडल उघडलं तेव्हा शेडभर वास सुटला, गुऱ्हाळात कढईच्या बुडाला काकवी लागावी तसा. मला तो आवडला, डॉक्टरांच्या घरच्यांना सुरुवातीला जड वाटला. हीटर पूर्ण तापवून, दार उघडं टाकून खोली काही वेळा नुसती चालवली की तो बराच उतरतो. आता हीटरवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की हलका गोडसर धूर असल्यासारखा भास होतो, एवढंच.

भिंतीला आम्ही थर्मो पाईन लावलं, बाकांना थर्मो अ‍ॅस्पन (थंड प्रदेशातलं, पॉपलरच्या जातीचं लाकूड). अ‍ॅस्पनबद्दल मी मोकळेपणानं सांगतो, हात फिरवून एवढं समाधान फार थोड्या लाकडांनी दिलंय. गाठी जवळजवळ नाहीत, राळ मुळातच नाही, कुसळ टोचत नाही. आपल्याकडं साग म्हणजे मान, आणि डॉक्टरांच्या थोरल्या भावांचा आग्रह होता की बाक दांडेलीच्या सागाचेच हवेत. मी त्यांना तोललेला हिशेब दाखवला. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो, अ‍ॅस्पन चारशेच्या आसपास. लाकूड जितकं घट्ट तितकी त्यातली उष्णता कातडीला लवकर लागते. शिवाय उष्णतेची प्रक्रिया झालेलं लाकूड कच्च्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी उष्णता वाहून नेतं. ८५ अंशांत उघड्या मांडीनं बसणाऱ्याला हा फरक आकड्यात सांगावा लागत नाही. भाऊसाहेब स्वतः बसले तेव्हा विषय मिटला. सागाची योग्य जागा आम्ही वेगळीच दिली, बाकाखालच्या चौकटीला. तिथं वजन पेलायचं असतं, आणि थर्मोवूडची वाकण सोसायची ताकद कच्च्यापेक्षा कमी झालेली असते. चौघे जण एका बाकावर चढून बसणार, तिथं ठिसूळ लाकडावर भरवसा ठेवायचा नाही.

बाकाच्या पट्ट्या खालून स्क्रूनं धरा. वरून मारलेला स्क्रू तापला की डाग देतो, आणि तो कातडीवर देतो. आत पॉलिश, वॉर्निश, पीयू (पॉलियुरेथेनचा लेप) काही लावू नका. बाकाला पॅराफिन तेलाचा पातळ हात पुरतो, घामाचे डाग मुरत नाहीत. भिंत कोरीच ठेवा.

पावसाळ्यात आतल्या फळ्या जिथल्या तिथं राहिल्या. एकही सांधा उघडला नाही, कुठं पीळ पडला नाही. श्रावणात घराची आतली दारं फुगून घासत होती, सॉनाचं दार मात्र बोटानं लागत होतं. दार आणि चौकटीची पट्टी दोन्ही थर्मोचीच होती. बाहेरच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथं तोच पाईन लावलाय आणि पश्चिमेकडची भिंत आत्ताच राखाडी व्हायला लागलीय. कुजणं नाही हे, उन्हानं रंग उडतो. डॉक्टरांना तो राखाडी रंग पसंत नाही, म्हणून रंगद्रव्य असलेलं बाहेरचं तेल लावायचं ठरलंय आणि ते पुढंही अधूनमधून लावावं लागेल. बाहेरचा तपकिरी रंग आपोआप टिकेल असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

वाळवीचं तर ठणकावून सांगायला हवं. बुरशीला हे लाकूड चांगलं तोंड देतं, पण जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ते नको असतं असं नाही. खानापूर तालुक्यात वाळवी काय करते हे मी वेगळं सांगायला नको. आम्ही जांभ्या चिऱ्याचा जोता करून त्यावर काँक्रीटचा थर घेतला, मातीत वाळवीचं औषध दिलं, आणि लाकूड जमिनीपासून वर उचलून ठेवलं. जोत्याच्या कडेनं मातीची नळी चढतेय का, हे माळी दर महिन्याला बघतो. हा खर्च थर्मोवूडच्या कोटेशनमध्ये कुणी धरत नाही, तो तुम्ही धरा.

तक्रार माल पाठवणाऱ्याबद्दल आहे. बंडलवर पट्टा एवढा आवळलेला होता की कडेच्या काही फळ्यांच्या जिभा दबून तुटल्या होत्या, आणि टोकांना चिरा होत्या. फोटो पाठवले, बदली माल यायला उशीर झाला, कामगार बसून राहिले. ठिसूळ माल आहे तर कोपऱ्यांना संरक्षण द्यायला नको का? माल उतरवतानाच बंडल उघडून बघा आणि मापापेक्षा दहा टक्के जादा मागवा. बिलावर लाकडाची जात आणि प्रक्रियेची श्रेणी लिहून मागा. श्रेणी दोन, थर्मो-एस आणि थर्मो-डी. पाईनची एस श्रेणी १९० अंशांची, डी २१२ अंशांची. आतल्या कामाला एस चालते, पावसात राहणाऱ्या बाहेरच्या भिंतीला डीच घ्या. आमच्याकडं नुसतं 'थर्मो पाईन' लिहून आलं होतं, श्रेणी फोन करून विचारावी लागली.

दर चढा आहे. वाहतूक धरून डॉक्टरांना भिंतीचं लाकूड सागाच्या भावाला टेकलं. मला मनापासून वाटतं की आपल्या भागातल्या अकेशिया-निलगिरीच्या लागवडीवर कुणीतरी ही भट्टी लावून बघावी. लाकूड इथंच उगवतंय, ते फुगतं-पिळतं म्हणून पॅकिंगच्या खोक्यांत जातंय. तोवर बाहेरून आलेलं घ्यावं लागेल. निपाणीला पुढचं काम आहे, तिथं बाकाला अ‍ॅस्पन, भिंतीला पाईन आणि खालच्या चौकटीला मुरलेला साग असंच कोटेशन दिलंय.