"नॉकिंग" म्हणालो आणि ३८ हजार गेले

मागच्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना गाडी झटके मारायला लागली, पिकअप पार गेला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला आणि सायलेन्सरमधून दोनदा फट्ट आवाज आला. गॅरेजवाल्याला मी सांगितलं, इंजिन नॉकिंग करतंय, बॅकफायर पण मारतंय. तो लगेच, साहेब नॉकिंग म्हणजे पिस्टन-रिंगा गेल्या, हेड खोलावं लागेल. गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावलाच नाही. चार दिवस गाडी ठेवली, ३८ हजार घेतले, जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात दिले.

अठरा दिवसांनी परत तेच झटके.

दुसरे मेस्त्री भले माणूस. म्हणाले, रोगाचं नाव सांगू नका, गाडी काय करते ते सांगा. स्कॅनरवर कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसिंग. त्यांनी दोनची कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) काढून तीनवर लावली तर कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉईलबरोबर सरकला. नवीन कॉईल २,४०० रुपये, काम संपलं. हेडवरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढल्याशिवाय हेड खोलता येत नाही, पण त्याच्या बोल्टांवर पाना लागल्याची खूणसुद्धा नव्हती, मग हेड खोललं कसं? फक्त प्लग तेवढे नवे होते.

त्यांनीच समजावलं. मिसिंगमध्ये त्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळतच नाही, म्हणून झटके. नॉकिंगमध्ये स्पार्क पडतो पण उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, वरच्या गिअरला चढावर लोखंडावर टिकटिक केल्यासारखा आवाज येतो. आणि सायलेन्सरमधला फट्ट म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, ते आफ्टरफायर, खरं बॅकफायर एअर फिल्टरच्या बाजूला होतं, आपण सगळेच दोन्हीला बॅकफायर म्हणतो.

पहिल्याकडे गेलो तर त्याचं उत्तर, तुम्हीच नॉकिंग म्हणालात, ते काम केलं, हे मिसिंग आहे, वेगळं. बिलावर पण "नॉकिंग काम" एवढंच.

तर मित्रांनो, नाव सांगू नका, कधी काय होतं ते सांगा, खोलायच्या आधी कोडचा फोटो मागा, जुने पार्ट समोर काढून घ्या. आणि दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेल्या पेट्रोलने सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो आणि तो कॉईलपेक्षा कितीतरी महाग. मी बोल्टांचे फोटो आणि बिल जपून ठेवलंय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.