‘टू फास्ट फॉर लव्ह’: आठ महिन्यांनंतर

मॉट्ली क्रू या अमेरिकन हेवी मेटल बँडचा हा पहिला अल्बम आठ महिने आमच्या घरात वाजतोय. एलपी, म्हणजे मोठी काळी तबकडी, ऑनलाइन मागवली. पहिली प्रत उन्हात टाकलेल्या पापडासारखी वाकडी आली, ती बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. कव्हर पाहून आई म्हणाली, “पट्ट्याची जाहिरात आहे का रे ही?” तिचं काय चुकलं? कव्हरवर चेहरा कुणाचाच नाही. फक्त गायक व्हिन्स नीलची चामड्याची पँट आणि पट्टा, म्हणजे रोलिंग स्टोन्स बँडच्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमच्या कव्हरची उघड नक्कल.

खरं सांगतो, पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. मी त्यांचा १९८९चा ‘डॉ. फीलगुड’ ऐकून इकडे वळलेलो. त्या भरगच्च आवाजापुढे हे सगळं पत्र्याच्या शेडमध्ये वाजवल्यासारखं. बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, शोधावा लागतो, नील वरच्या पट्टीत गेला की चिरकतो. अँपवरचा बास वाढवला, स्पीकर भिंतीला लावून पाहिले. ढिम्म फरक नाही.

हा आवाज असा का, ते त्यांचा हिशोब पाहिल्यावर कळतं. लॉस एंजेलिसमधली ही चौकडी १९८१च्या सुरुवातीला जमली आणि त्याच नोव्हेंबरात अल्बम बाहेर, तोही ‘लेदर रेकॉर्ड्स’ या स्वतःच्याच लेबलवर. ड्रमर टॉमी ली १९ वर्षांचा. गिटारवाला मिक मार्स तेवढा तिशीतला. पुढे १९८२मध्ये इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने तो घेतला, क्वीन बँडचे अल्बम करणाऱ्या निर्मात्या रॉय थॉमस बेकरकडून नव्याने मिक्स करवला, म्हणजे वाद्यं-गळ्यांचे आवाज पुन्हा जुळवून घेतले, आणि ‘स्टिक टू युवर गन्स’ हे गाणं गाळलं. माझ्याकडे हीच नऊ गाण्यांची आवृत्ती. गाळलेलं गाणं फोनवर ऐकलं, त्यावाचून काही अडत नाही. मूळ मिक्स मात्र आणखी ओबडधोबड आहे आणि मला तेच जास्त भावलं.

‘लाइव्ह वायर’ पहिल्या दिवसापासून पक्कं. गिटारची ती पुन्हापुन्हा येणारी धून, रिफ, सुरू झाली की खुर्चीत बसवत नाही. बाकीची गाणी हळूहळू चढली. तिसऱ्या महिन्यात एकदा भांडी घासताना मी ‘स्टारी आइज’ गुणगुणतोय हे लक्षात आलं. तेव्हा उलगडलं, चामडं आणि खिळे बाजूला काढले तर आत सरळ पॉपच्या चाली आहेत, पोरांनी घाईघाईत वाजवलेल्या. ‘कम ऑन अँड डान्स’ मात्र मला अजूनही भरतीचंच वाटतं.

आता बहुतेक वेळा दुसरी बाजूच लावतो, शेवटच्या ‘ऑन विथ द शो’साठी. त्यात फ्रँकी नावाचा कुणी मरतो. बँडची गाणी लिहिणाऱ्या बासवादक निकी सिक्सचं जन्मनाव फ्रँक फेराना, ते त्याने कायदेशीर बदलून घेतलं. हे कळल्यापासून ते गाणं गमतीत ऐकता येत नाही.

तक्रार एकच. ते गाणं रेकॉर्डच्या अगदी आतल्या टोकाला आहे, तिथे नीलचे ‘स’ खरखरतात. सुई दोनदा साफ केली, तरी तसेच.