परफ्यूम, लोशन, केरॅटिन, सुरमा: बाळाचं प्लॅनिंग असेल तर आधी काय काढायचं?

बाळाचा विचार सुरू झाला की घरात खजूर-बदाम यायला लागतात आणि मोबाईलवर "हे क्रीम लावताय? मग दिवस राहणार नाहीत" छाप रील्स. मग प्रश्न येतो की राम मारुती रोडवर जाऊन ते महागडं टॉक्सिन-फ्री किट उचलायचं का आहे तेच चालू ठेवायचं. मला विचाराल तर किट राहू दे, आधी घरातला सुगंध कमी करा, त्याला पैसेही लागत नाहीत.

आधी थोडं सायन्स. थॅलेट (सुगंधात आणि प्लास्टिकमध्ये असतं), पॅराबेन (क्रीम-लोशन टिकवणारं प्रिझर्व्हेटिव्ह), ऑक्सिबेन्झोन (सनस्क्रीनमधलं), ट्रायक्लोसन (जंतू मारणारं) ही केमिकल्स हार्मोन्सच्या कामात लुडबूड करू शकतात, काही इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखी वागतात, पण माणसांवरचे बहुतेक अभ्यास असे की लघवीत अमुक जास्त सापडलं त्यांच्यात तमुक कमी दिसलं, म्हणजे संबंध दिसतो, कारण सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे अमक्या लोशनने मूल होत नाही असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सोडून द्या. चांगली गोष्ट म्हणजे ही साठून राहत नाहीत, एक-दोन दिवसात बरीचशी बाहेर पडतात. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आला, 100 टीनएजर मुलींना फक्त 3 दिवस ही केमिकल्स नसलेले प्रॉडक्ट्स दिले, तेवढ्यात मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन 45 टक्क्यांच्या आसपास खाली, ट्रायक्लोसन आणि ऑक्सिबेन्झोन 36 टक्के खाली, सुगंधातल्या थॅलेटचा अंश 27 टक्के खाली.

तर डिओ, परफ्यूम, अत्तर का तुरटी? मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलमध्ये डिओ लावू नका असं सांगायची माझी हिंमत नाही, पण बाटलीच्या मागे "फ्रेग्रन्स" किंवा "परफ्यूम" असा एकच शब्द असतो आणि त्याच्या पोटात कितीतरी केमिकल्स असू शकतात, त्यात वास टिकवायला वापरतात ते डायइथाइल थॅलेटही आलं, ते वेगळं लिहिलेलं सापडेलच असं नाही. अत्तर नैसर्गिक म्हणून घेणार असाल तर जरा थांबा, चंदन तेलातलं खरं अत्तर महाग असतं, स्वस्तातलं बऱ्याचदा अशाच सॉल्व्हंटमध्ये पातळ केलेलं असतं. तुरटीने घाम थांबत नाही पण वास बऱ्यापैकी जातो आणि ती किराणावाल्याकडे मिळते. मी तरी रोजच्याला तुरटी किंवा बिनवासाचा रोल-ऑन आणि लग्नाकार्याला परफ्यूम, तोही अंगाऐवजी कपड्यावर, असं करीन. आणि घरात जुनी बाटली असेल तर मागे ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल हे लांबलचक नाव शोधा, लिलिअल म्हणतात त्याला, प्रजननाला घातक म्हणून युरोपने मार्च 2022 पासून कॉस्मेटिक्समधून बंद केलंय.

हे नवऱ्यालाही लागू आहे बरं का. बायकोचं अख्खं कपाट तपासणारे स्वतःचा आफ्टरशेव्ह बघत नाहीत, आणि अमेरिकेतल्या अभ्यासात गेल्या 48 तासांत कलोन किंवा आफ्टरशेव्ह लावलेल्या पुरुषांच्या लघवीत परफ्यूममधल्या त्याच डायइथाइल थॅलेटचा अंश न लावणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला होता, आणि त्या अंशाचा संबंध शुक्राणूंच्या डीएनएला होणाऱ्या इजेशीही दिसलाय. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे बदल करायचा तर आज करा, ट्रीटमेंटच्या आदल्या आठवड्यात नको.

पॅराबेन-फ्री वर जास्त पैसे घालायचे का? इथे माझा उत्साह कमी आहे. बोस्टनच्या एका फर्टिलिटी क्लिनिकमधल्या बायकांवरच्या अभ्यासात पॅराबेन आणि आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) रिझल्ट यांचा संबंध सापडला नाही. त्याच क्लिनिकमध्ये डीईएचपी नावाच्या थॅलेटचं प्रमाण जास्त असलेल्यांची स्त्रीबीजं मात्र कमी मिळाली, पण ते मुख्यतः प्लास्टिक आणि खाण्यातून येतं, म्हणजे महागडी पॅराबेन-फ्री क्रीम लावून डबा प्लास्टिकमध्येच मायक्रोवेव्ह करायचा याला काय अर्थ आहे! पॅराबेनमध्ये मिथाइल-इथाइलपेक्षा प्रोपाइल-ब्युटिल हे प्रकार जास्त इस्ट्रोजेनसारखे वागतात, म्हणून अंगभर लावून दिवसभर राहणाऱ्या बॉडी लोशनमध्ये ही दोन नसलेली बरी, शाम्पू-फेसवॉश धुतला जातो, तो संपेपर्यंत वापरा. आणि घरी केलेलं, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं कोरफडीचं क्रीम आपल्या दमट हवेत किती दिवस टिकणार? उटणं कोरडं असतं, ते आयत्यावेळी भिजवायचं, ते ठीक.

सनस्क्रीन बंद करू नका, फक्त ऑक्सिबेन्झोनवालं बदला. झिंक ऑक्साइडचं चेहरा पांढराफटक करतं ही तक्रार खरी आहे, आपल्या रंगावर तर जास्तच दिसतं, टिंटेड घ्या. सुरकुत्यांच्या क्रीममधलं रेटिनॉल वापरत असाल तर ते मात्र थांबवा, प्रेग्नन्सीत चालत नाही, आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर आधी स्किनच्या डॉक्टरांना फोन करा.

पार्लरमध्ये केस सरळ-गुळगुळीत करणारं केरॅटिन आणि साधं हेअर स्पा यात मी डोळे झाकून स्पा घेईन. केरॅटिनच्या बऱ्याच सोल्युशन्समधून गरम प्रेस फिरवली की फॉर्मल्डिहाइड नावाचा घातक वायू निघतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच, आणि तुम्ही वर्षातून दोनदा तो वास घेणार पण ती काम करणारी मुलगी बंद एसीत रोज घेते. जेल नेल्सचं सांगायचं तर त्यातलं टीपीओ (दिव्याखाली जेल घट्ट करणारं केमिकल) युरोपने 1 सप्टेंबर 2025 पासून बंद केलं, तेही प्रजननाच्याच कारणाने, तेव्हा साधी नेलपॉलिश आणि उघडी खिडकी बरी.

आणि ज्याच्याबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही ते म्हणजे बिनलेबलच्या गोरं करणाऱ्या क्रीम आणि सुरमा. पॅराबेनवर वाद घालता येतो, अशा क्रीममधला पारा आणि सुरम्यातलं शिसं यावर नाही. पाऱ्याने किडनीला इजा होते, केरळच्या डॉक्टरांनी फेअरनेस क्रीममुळे झालेल्या केसेस मांडल्यात, आणि दोन्ही पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. आपल्याकडे अशा क्रीममध्ये चुकून आलेला पाराही 1 पीपीएमच्या (दहा लाखात एक भाग) वर चालत नाही. डबीवर उत्पादकाचं नाव, लायसन्स नंबर, इम्पोर्टेड असेल तर रजिस्ट्रेशन नंबर नसेल तर कोणी कितीही कौतुक करू दे, मैत्रिणीने दुबईहून आणलेली असली तरी फेकून द्या.

हे सगळं बदलून "आता सहा महिने वाट बघू" असं मात्र करू नका. वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, आणि 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरकडे जायचं, दोघांनी, आणि सीमेन टेस्ट (वीर्य तपासणी) पहिल्याच फेरीत करून घ्या, ती स्वस्त आणि सोपी असते तरी ती घरोघरी सगळ्यात शेवटी होते.