पहिलं उकुलेले: कालाचं केए-१५एस घ्यावं का?

काला कंपनीचं केए-१५एस हे सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचं उकुलेले (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य). नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, तंबोऱ्यातला मेरू म्हणा) घोडीपर्यंत (अंगावर तारा बांधतात ती पट्टी) तार साधारण साडेतेरा इंच, पडदे १२, अंग महोगनी प्लायचं. पहिलं वाद्य म्हणून आम्ही ते निःसंकोच सुचवतो आणि त्याचं मोठं कारण खुंट्या. अगदी स्वस्त उकुलेलेंना बऱ्याचदा नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या असतात. त्या केसभर फिरल्या तरी सूर उडतो आणि नवशिक्याचा सगळा वेळ सूर लावण्यातच जातो. इथे दातेरी चक्राच्या खुंट्या आहेत. तारा आक्विला या इटालियन कंपनीच्या, नायलगट या कृत्रिम धाग्याच्या.

प्लाय म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. सॉलिड लाकूड जास्त भरदार वाजतं, हे खरंच. पण कोकणातला पावसाळा आणि त्यामागून येणारी कोरडी थंडी यांत ते फुगतं, आकसतं, कधी तडकतंही. प्लाय हे सगळं बरंच निमूटपणे सोसतं.

मॉडेल चांगलं असलं तरी प्रत्येक नग सारखा नसतो, म्हणून दुकानात ट्यूनर (सूर बरोबर लागलाय का ते दाखवणारं यंत्र) लावून पाहाच. मोकळ्या तारा सुरात लावा, मग प्रत्येक तार पहिल्या पडद्यावर हलक्या हाताने दाबा. सूर स्पष्टपणे चढा येत असेल, तर नटच्या खाचा उथळ आहेत. अशा वाद्यावर एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) कायम बेसूर लागतो, बोटंही जास्त दुखतात आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलंच चुकतंय. कारागीर खाचा घासून देतो, पण खोल गेल्या तर तार जव्हारीसारखी झणझणते. म्हणून शक्यतो दुसरा नग मागा. नंतर बारावा पडदा दाबा: मोकळ्या तारेचाच सूर, सप्तकभर वर यायला हवा. तिथे तार पडद्यापासून अडीच-तीन मिलिमीटर उंच असली तर ठीक.

सूर जी-सी-ई-ए, म्हणजे पेटीवर पांढरी पाच, एक, तीन, सहा. त्यातली पाच ही एकच्या वरची. गिटारवरून आलेल्यांना ती तार चुकीची बसवलीय असं वाटतं, पण उकुलेलेचा तो खळखळता आवाज तिच्यामुळेच येतो. नव्या तारा आठ-पंधरा दिवस ताणत राहतात आणि दर थोड्या वेळाने उतरतात. हा दोष नाही. तार बोटाने हळूच ओढून परत लावा, आणि नेहमी खालून वर चढवत सुरावर आणा.

बोटं जाड असतील तर मात्र सोप्रानो घेऊ नका. मान नटपाशी जेमतेम ३५ मिलिमीटर, आणि डी कॉर्डला तीन बोटं दुसऱ्याच पडद्यात कोंबावी लागतात. त्याऐवजी याच मालिकेतलं, थोडं मोठं कॉन्सर्ट, केए-१५सी, घ्या. त्याची तार साधारण १५ इंच, त्यामुळे पडदे ऐसपैस. त्याहून मोठं बॅरिटोन पहिलं म्हणून नकोच. ते सहसा डी-जी-बी-ई असं लावतात, त्यामुळे नवशिक्यांच्या धड्यांतले बोटांचे आकार त्यावर वेगळेच कॉर्ड देतात.

तार तुटली तर उकुलेलेचीच नायलॉन किंवा नायलगट तार बसवा. गिटारची स्टीलची तार चढवलीत, तर तिच्या ताणाने घोडी उखडून येईल.